गॅरेजच्या कोब्यावरचा इपॉक्सी दर पावसाळ्यात सुटतो, तेव्हा आधी पापुद्रा उलटून पाहावा

रत्नागिरी जिल्ह्यात डोंगराचा उतार कापून बांधलेल्या आमच्या घराला लागून एक गॅरेज आहे. १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद, म्हणजे साधारण २० चौरस मीटर कोबा. या कोब्यावर मी आजवर तीन वेळा लेप चढवला किंवा चढवून घेतला, आणि त्यांतले पहिले दोन एका पावसाळ्यापलीकडे टिकले नाहीत. पहिला होता दुकानातून आणलेला फरशीचा तेलरंग. दुसरा होता दोन घटकांचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून पक्का होणारा इपॉक्सी, जो एका ठेकेदाराकडून गणपतीच्या आधी घाईने मारून घेतला होता. पहिल्या वेळी मी डब्याला दोष दिला. दुसऱ्या वेळी ठेकेदाराने कोकणच्या पावसाला दोष दिला आणि यापेक्षा महाग माल सुचवला. तिसऱ्या वेळी मात्र कोणताही डबा उघडण्यापूर्वी सुटलेले पापुद्रे गोळा करून ते उलटून पाहिले, आणि तेव्हा लक्षात आले की एकाच कोब्यावर दोन निरनिराळे आजार होते व दोन्ही वेळा औषध एकच दिले गेले होते.

ज्यांचा लेप वारंवार सुटतो त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कोणता इपॉक्सी घ्यावा’ हाच असतो. माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. लेप कोठून सुटला, म्हणजे कोणत्या दोन थरांमधली पकड गेली, हे कळल्याशिवाय नवा माल आणणे म्हणजे जुनाच खर्च पुन्हा करणे होय.

पापुद्रा काय सांगतो

पुट्टीच्या पत्र्याने निदान तळहाताएवढा तुकडा अलगद उचलावा आणि त्याची खालची बाजू उजेडात धरून पाहावी. त्या बाजूला सिमेंटची करडी भुकटी किंवा बारीक वाळू घट्ट चिकटून आली असेल, तर लेपाने आपले काम केले आहे. त्याने कोब्याला धरून ठेवले होते, पण कोब्याचा वरचा थरच ठिसूळ असल्यामुळे तो लेपाबरोबर उखडून आला. खालची बाजू काचेसारखी स्वच्छ, गुळगुळीत आणि थापी फिरवल्याच्या खुणा उमटलेली असेल, तर लेप कोब्यात कधी रुतलाच नव्हता, तो नुसता वर पसरून वाळला होता. खालची बाजू ओलसर असेल, तिच्यावर लोण्याची, म्हणजे ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांची, पांढरी भुकटी असेल, किंवा कोब्यावर आलेले फुगे टाचणीने टोचल्यावर आतून पाणी निघत असेल, तर ओल खालून येत आहे. आणि पापुद्रा निघूनही कोब्यावर त्याच रंगाचा पातळ थर शिल्लक राहत असेल, तर पकड पहिल्या व दुसऱ्या हातामध्ये गेली आहे आणि कोबा त्यात निर्दोष आहे.

सुटलेल्या भागाचा आकारही पाहावा. बरोबर चार चाकांच्या जागी, चाकाएवढ्या रुंदीचे तुकडे निघाले असतील, तर त्याचे कारण वेगळे आहे आणि त्याकडे पुढे येऊ.

आमच्या पहिल्या तेलरंगाचा पापुद्रा खालून मऊ आणि किंचित चिकट लागत होता. ताज्या सिमेंटचा सामू (पीएच) १२ ते १३ इतका असतो. ओल आली की हा अल्क तेलरंगातल्या तेलाशी संयोग पावतो आणि त्याचा साबण होतो. धुण्याचा साबण ज्या क्रियेने बनतो तीच ही क्रिया. त्यामुळे तेलरंग, रेड ऑक्साइड किंवा एनॅमल कितीही नामांकित असला तरी जमिनीला टेकलेल्या कोब्यावर तो मारू नये, हे मी निःसंकोच सांगेन. दुसऱ्या वेळच्या इपॉक्सीची गोष्ट अधिक उद्बोधक होती. दाराजवळचे पापुद्रे खालून आरशासारखे गुळगुळीत होते, तर मागच्या संरक्षक भिंतीलगतचे पापुद्रे ओले होते व त्यांच्या कडांना लोणा धरलेला होता.

ओल कोठून येते आणि ती कधी तपासावी

जांभ्याचा डोंगर पावसाचे पाणी पोटात घेतो आणि पाऊस थांबल्यानंतरही कित्येक दिवस ते उताराच्या कापलेल्या बाजूने झिरपत राहतो. गॅरेज बांधताना सोलिंग व मुरमाच्या भरावावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून मग काँक्रीट ओतले असेल, तर ही ओल बरीच अडते. आमच्याकडे तो अंथरलेला नव्हता, आणि जुन्या घरांच्या गॅरेजमध्ये तो बहुधा नसतोच. ज्यांचे गॅरेज इमारतीच्या खालच्या मोकळ्या वाहनतळात आहे व कोब्याखाली जमीन आहे, त्यांनाही हेच लागू पडते. खाली तळघर असेल तर मात्र ओलीचा संशय आधी गळक्या नळावर किंवा वरून धुताना सांडणाऱ्या पाण्यावर घ्यावा.

तपासणीची सर्वांत सोपी पद्धत फुकटात होते. सुमारे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि तो निदान १६ तास तसाच ठेवावा. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या डी ४२६३ या मानकात हीच पद्धत दिलेली आहे. मी तो पूर्ण दोन दिवस ठेवतो. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा त्याखालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट झाला, तर ओल आहे. एकच तुकडा लावून थांबू नये. भिंतीलगत, मधोमध आणि दाराशी असे किमान तीन तुकडे लावावेत, कारण ओल सर्वत्र सारखी नसते. उन्हाचा कवडसा पडेल अशी जागा टाळावी.

या चाचणीचा खरा घोटाळा ऋतूचा आहे. ठेकेदार ती करतोच तर मे महिन्यात करतो, तेव्हा कोबा हाडासारखा कोरडा असतो आणि प्लास्टिक स्वच्छ निघते. त्याच कोब्यावर ऑगस्टमध्ये लावलेले प्लास्टिक दुसऱ्या सकाळी आतून घामेजलेले असते. म्हणून चाचणी श्रावणात करावी आणि लेप शिमग्याच्या सुमारास द्यावा. आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते: घराची रंगरंगोटी गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर निघते, त्यात गॅरेजही उरकले जाते, आणि त्या वेळी वरून कोरड्या दिसणाऱ्या कोब्याखालची जमीन वर्षातली सर्वांत जास्त ओली असते. आमचा दुसरा लेप असाच गणपतीच्या चार दिवस आधी लागला होता. आरतीला आलेल्या पाहुण्यांनी त्याचे कौतुक केले, आणि पुढच्या मृगाच्या पावसानंतर मागच्या भिंतीलगत एक रुपयाच्या नाण्याएवढे फुगे आले.

आकड्यांत मोजमाप हवे असल्यास कोब्यात जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजण्याची पद्धत आहे. ती अधिक विश्वासार्ह आहे आणि मोठ्या कामात तिच्यावर खर्च करणे योग्य ठरते. त्या आकड्याची मर्यादा प्रत्येक मालाच्या तांत्रिक पत्रकात दिलेली असते. २० चौरस मीटरच्या गॅरेजसाठी मात्र पावसाळ्यातले प्लास्टिक बहुतेक वेळा पुरेसे बोलते.

ओल सापडली तर पहिला खर्च बाहेर करावा. छपराची पागोळी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पन्हळ लावावी, संरक्षक भिंतीतली पाणी निघण्याची भोके बुजली असतील तर ती मोकळी करावीत, आणि वरच्या बाजूने येणारे पाणी गॅरेजला वळसा घालून जाईल अशी गटार काढावी. आमच्या भिंतीतली सहापैकी चार भोके मातीने बुजलेली होती, आणि ती साफ केल्यानंतर पुढच्या श्रावणात दाराजवळचे व मधले प्लास्टिक कोरडे निघाले. मागच्या भिंतीलगतचे मात्र ओलेच राहिले. ओलसर कोब्यावर चालणारे इपॉक्सी प्रायमर बाजारात मिळतात, तसेच इपॉक्सी व सिमेंट यांच्या मिश्रणाचा, साधारण दोन मिलिमीटर जाडीचा तीन घटकांचा थरही मिळतो. हे दोन्ही उपाय खरे आहेत, पण ते दमट कोब्यासाठी आहेत. खालून दाबाने झिरपणारे पाणी थोपवण्याचे काम त्यांच्याकडून अपेक्षू नये.

कोब्यावरची साय

दाराजवळच्या गुळगुळीत पापुद्र्यांचे कारण समजून घ्यायला मला मोझॅक फरशी घासणाऱ्या एका कारागिराची मदत झाली. त्याने खिशातून किल्ली काढली, कोब्यावर जोराने रेघ ओढली आणि उडालेली पांढरी भुकटी बोटावर घेऊन दाखवली. ‘ही सगळी वरची साय आहे दादा, खरा कोबा हिच्या खाली आहे,’ असे तो म्हणाला. यापेक्षा नेमका शब्द मला कोणत्याही पत्रकात सापडलेला नाही. काँक्रीट ओतल्यावर जड खडी खाली बसते आणि जास्तीचे पाणी सिमेंटचे अतिसूक्ष्म कण घेऊन वर येते. ते पाणी उडून गेले की वर जो पातळ थर राहतो तो दिसायला गुळगुळीत पण ताकदीने अगदी कमजोर असतो. त्यावर गवंड्याने कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने घोटले असेल तर ही साय आणखी बंद आणि चकचकीत होते. रोजच्या झाडण्या-पुसण्याला असा कोबा उत्तम. इपॉक्सीला मात्र तो काचेवर चिकटपट्टी लावल्यासारखा आहे.

घरी करता येण्याजोगी परीक्षा अशी. कोब्यावर चमचाभर पाणी टाकावे. ते मिनिटभरात शोषले जाऊन डाग काळा पडला, तर छिद्रे उघडी आहेत. पाणी मोत्यासारखे थेंब धरून बसले, तर वर साय, जुना सीलर, मेण किंवा तेल आहे आणि त्या जागी कोणताही लेप टिकणार नाही.

साय काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे हिऱ्याच्या कपाचे ग्राइंडर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम. घासून झाल्यावर कोब्याला हात लावला की ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा जाणवला पाहिजे आणि वाळूचे कण उघडे दिसले पाहिजेत. गावाकडे असे यंत्र मिळत नाही, तेव्हा मोझॅक घासण्याचे यंत्र कामी येते, पण त्यात एक मेख आहे. ते पाण्यावर चालते आणि घासताना जी करडी रबडी तयार होते ती जागेवरच वाळू दिली, तर आपण एक साय काढून दुसरी बसवतो. ती रबडी ओली असतानाच वायपरने ओढून काढावी, कडक ब्रशने दोनदा धुवावे, आणि मग कोबा निदान आठवडाभर दार उघडे ठेवून वाळू द्यावा. कोरडे घासताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते व ती फुप्फुसांना कायमची इजा करते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ दर्जाचा मास्क हवाच.

ॲसिडने कोबा खरखरीत करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दुकानात मिळणारे ॲसिड पातळ करून ओतायचे, फेस आला की धुवायचे, एवढे सोपे ते वाटते. ते पूर्ण निरुपयोगी नाही, परंतु तेलाच्या डागावर किंवा जुन्या सीलरवर त्याचा परिणाम होत नाही, धुणे अपुरे राहिले तर मागे राहिलेले क्षारच पुढे फुगे आणतात, आणि त्याची वाफ गॅरेजमधल्या हत्यारांना व दुचाकीच्या लोखंडाला गंज चढवते. आमच्या ठेकेदाराने ॲसिड वापरल्याचे सांगितले होते. गुळगुळीत पापुद्रे पाहता त्याने कोबा केवळ झाडला असावा असा माझा संशय आहे. ज्यांना ते वापरावेच लागेल त्यांनी पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये.

इंजिनखालचे तेल हा स्वतंत्र विषय आहे. ते कोब्यात खोल मुरलेले असते आणि वरून घासल्यावर नाहीसे झाल्यासारखे वाटले, तरी दोन दिवसांनी पुन्हा वर येते. ग्राइंडिंगच्या आधी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घेऊन कडक ब्रशने तीन-चार वेळा घासावे, दर वेळी ते पाणी पूर्ण उचलून घ्यावे, आणि शेवटी पुन्हा चमचाभर पाण्याची परीक्षा घ्यावी. थेंब अजूनही मोत्यासारखा बसत असेल तर तेवढा कोबा छिन्नीने सेंटिमीटरभर खोल फोडून दुरुस्तीच्या मॉर्टरने भरणे हेच कमी त्रासाचे.

चाकांखाली सुटणारा लेप

फक्त चाकांच्या जागी लेप सुटत असेल तर ओलीचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. त्या उष्णतेने पातळ किंवा अर्धवट पक्का झालेला लेप मऊ पडतो, रबरातली मऊपणा आणणारी द्रव्ये त्यात उतरतात, आणि टायर थंड होऊन आकसताना तो लेपाला घट्ट धरून राहतो. सकाळी गाडी बाहेर काढली की लेपाचा तुकडा टायरबरोबर निघतो. हा दोष पाण्यात मिसळायच्या एकेरी डब्यातल्या पातळ रंगांत सर्वाधिक आढळतो, आणि चांगल्या इपॉक्सीवरही गाडी तिसऱ्याच दिवशी आत घेतली तर होतो. उपाय म्हणजे दोन घटकांचा, पुरेशा जाडीचा लेप, त्यावर पॉलियुरेथेनचा हात, आणि गाडी आत घेण्यापूर्वी पूर्ण सात दिवसांची वाट पाहणे.

निवड, आणि डब्यावरचा जाडीचा हिशोब

कोबा कोरडा आहे, साय निघाली आहे, तेल नाही, इतके ठरल्यावर निवडीचा प्रश्न खरोखर सोपा होतो. इपॉक्सी कोब्याला उत्तम धरतो आणि जाड थर देतो, पण उन्हात तो पिवळा पडतो व त्याची चकाकी जाते. दाराशी ऊन येत असेल तर त्यावर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा हात हवा, जो पिवळा पडत नाही आणि ओरखड्यांनाही अधिक टिकतो. पॉलिॲस्पार्टिक हा त्याच कुळातला झटपट वाळणारा प्रकार आहे. काम एका दिवसात संपते, मात्र दमट हवेत तो इतक्या लवकर आवळतो की नवख्या हाताला रोलरच्या कडा जुळवायला वेळ मिळत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच लेप देणाऱ्याने तो घेऊ नये.

कोबा नवा असेल तर ओतल्यापासून निदान २८ दिवस थांबावे. आमच्या हवेत त्याहून अधिक थांबणे चांगले.

खरी फसगत जाडीत होते. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला तर त्याची जाडी एक मिलिमीटर, म्हणजे १,००० मायक्रॉन होते. संपूर्ण घन, म्हणजे उडून जाणारे पाणी किंवा थिनर नसलेला इपॉक्सी असेल तर ती सगळी जाडी शिल्लक राहते. ज्यात निम्मे पाणी किंवा थिनर आहे, त्याचा एक लिटर १० चौरस मीटरवर फिरवला की ओला थर १०० मायक्रॉनचा आणि वाळल्यावर जेमतेम ५० मायक्रॉनचा उरतो. तो रंग झाला, संरक्षक लेप नव्हे. आमच्या २० चौरस मीटरला मी २५० मायक्रॉनचा मुख्य थर धरला, त्यासाठी संपूर्ण घन इपॉक्सी ५ लिटर लागतो, आणि खरखरीत कोबा थोडा माल पितो म्हणून सहा आणला. प्रायमर सुमारे अडीच लिटर लागला. हा माल बहुधा किलोवर विकला जातो आणि रंगीत इपॉक्सीचा एक लिटर एक किलोपेक्षा बराच जड असतो, त्यामुळे ‘पाच किलोत होऊन जाईल’ हे आश्वासन ऐकल्यावर पत्रकातली घनता पाहून लिटरमध्ये हिशोब मांडावा. दुसऱ्या वेळी मला दिलेल्या बिलावरून मी नंतर हा हिशोब केला, तेव्हा आमच्या वाट्याला जेमतेम ११० मायक्रॉन आले होते.

ओल्या पायांनी चालताना गुळगुळीत इपॉक्सी घसरतो. मुख्य थर ओला असतानाच त्यावर बारीक, धुतलेली व वाळवलेली क्वार्ट्झ वाळू हलकी भुरभुरावी आणि वरचा हात नंतर द्यावा.

लेप देण्याचा दिवस

हवेतले बाष्प कोब्यावर दव होऊन बसू लागले की लेपाची पकड जाते, आणि ते दव डोळ्यांना दिसतेच असे नाही. नियम असा की कोब्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा, निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवे. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २१ अंश असतो, म्हणजे अडचण नाही. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांवर जातो, आणि सावलीतला कोबा सहज त्याच्या जवळपास असतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत किनारपट्टीवर असे दिवस रोजचेच. मी फेब्रुवारीच्या अखेरचा आठवडा निवडला व छोटा आर्द्रतामापक दिवसभर गॅरेजमध्ये ठेवला.

वेळेचाही विचार करावा. सकाळी कोबा तापत जातो, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या लेपात टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते. दुपार कलल्यावर कोबा निवू लागला की ती हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर प्रायमरही छिद्रांत उतरतो. म्हणून प्रायमर दुपारी तीननंतर लावावा, परंतु संध्याकाळचे दव पडण्यापूर्वी तो पृष्ठभागावर आवळलेला असेल इतका अवधी राखावा.

मिश्रणात घाई केली की सगळे वरचे कष्ट वाया जातात. रेझिन व हार्डनर यांचे प्रमाण वजनाने दिले आहे की आकारमानाने, हे डब्यावर वाचावे. दोन्ही सारखे नसते. हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर वाळते हा समज फायबरच्या कामावरून आलेला आहे आणि इपॉक्सीला तो लागू नाही. जास्तीचा हार्डनर पकडायला रेझिन न सापडता तसाच राहतो व लेप कायमचा मऊ किंवा चिकट उरतो. मिश्रण कमी वेगाच्या ड्रिलने तीन मिनिटे ढवळावे, मग ते दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळावे, कारण पहिल्या बादलीच्या कडांना न मिसळलेला माल चिकटलेला असतो आणि शेवटी तोच खरवडून आपण कोपऱ्यात लावतो. ढवळून झालेला माल बादलीत ठेवू नये. इपॉक्सी पक्का होताना उष्णता सोडतो, साठ्यात ती वाढत जाते आणि वाढलेल्या उष्णतेने तो आणखी झपाट्याने आवळतो. मी फोन घेण्यासाठी दहा-बारा मिनिटे बाहेर गेलो, तेव्हा मागे राहिलेला दीड लिटर माल बादलीतच धुरकटला आणि बादलीचा तळ मऊ पडून वाकडा झाला. ढवळल्याबरोबर तो कोब्यावर लांब पट्ट्यांत ओतावा व मग रोलर फिरवावा. हातात मोजे हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की ती जात नाही.

दोन हातांमधले अंतर पत्रकात दिलेल्या मुदतीत ठेवावे. मुदत उलटून गेली असेल तर पहिला हात पॉलिश पेपरने घासून निस्तेज केल्याशिवाय दुसरा देऊ नये. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट, बोटाला तेलकट लागणारा थर येतो. हार्डनरमधले अमाइन हवेतल्या बाष्पाशी व कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावल्याने तो तयार होतो. तो कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने पुसून, वाळवून मगच पुढचा हात द्यावा. नुसते घासल्याने तो सर्वत्र पसरतो.

ठिगळ की संपूर्ण काम

थोडासाच भाग सुटला असेल तर संपूर्ण कोबा उकरायचा का, हा प्रश्न रास्त आहे. शाबूत दिसणाऱ्या लेपावर धारदार पात्याने फुलीची खूण कापावी, तिच्यावर मजबूत चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. खुणेच्या कडा जागेवर राहिल्या तर तो भाग ठेवण्यास हरकत नाही. सुटलेल्या भागाच्या कडा पुट्टीच्या पत्र्याने जेथपर्यंत सहज निघतात तेथपर्यंत काढून, घासून, ठिगळ लावावे. दोन-तीन ठिकाणी कडा उखडल्या तर मात्र उरलेला लेप फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहत आहे, आणि त्याच्यावर चढवलेला नवा महाग थर त्याच्याबरोबरच निघेल. चिरांच्या बाबतीत एवढेच पाहावे की चीर हलती आहे की नाही. उन्हाळ्यात व पावसाळ्यात तिची रुंदी बदलत असेल तर तिच्यात कडक इपॉक्सी भरू नये, लवचिक पॉलियुरियाचे भरण घालावे. काँक्रीटमध्ये मुद्दाम सोडलेले सांधेही असेच मोकळे ठेवून लवचिक मालाने भरावेत.

आमच्या मागच्या भिंतीलगतच्या पट्ट्याचे काय करावे, यावर मी बराच विचार केला. तिथले प्लास्टिक दुसऱ्या श्रावणातही ओले निघाले होते. शेवटी भिंतीपासून दोन फूट अंतरावर ग्राइंडरने सरळ खाच पाडली, इपॉक्सी त्या खाचेत उतरवून तिथेच संपवला, आणि पलीकडच्या पट्ट्याला फक्त सिलिकेटचे द्रव पाजले. ते कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग कठीण करते व भुकटी थांबवते. ते थर धरत नाही, त्यामुळे त्याखाली फुगा येण्याचा प्रश्नच राहत नाही. तो पट्टा दिसायला साधा करडाच आहे, आणि शेजाऱ्यांनी काम अर्धवट सोडले का असे दोनदा विचारून झाले आहे. जुलैमध्ये तो काळपट होतो, लोणा आला तर मी खराट्याने झाडून घेतो, आणि दिवाळीपर्यंत तो पुन्हा पांढुरका पडतो. खाचेच्या अलीकडच्या इपॉक्सीवरून आता तीन पावसाळे गेले आहेत.